पदवीचें मोल आणि पदवीचें कर्ज

सुमारें चार महिन्यांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं भेटावयास आला. शाळेंत असतांना व्याजाचीं उदाहरणें सोडविण्यांत तो पटाईत होता. आज तो एका कचेरींत हिशेबनिसाचें काम करितो. त्याची मुलगी फिजिओथेरपीची पदवी घेऊन नुकतीच उत्तीर्ण झाली आहे आणि अमेरिकेस जाऊन तेथील डॉक्टर-पदवी मिळवावी, असें तिच्या मनांत आहे. "गुरुजी," तो म्हणाला, "बँक कर्ज द्यावयास तयार आहे, पण राहतें घर तारण ठेवावें लागेल. त्या पदवीच्या कमाईंतून हें कर्ज फिटेल काय, एवढें मला एकदां मांडून द्या."

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें कॉलेजची पायरी चढलों नाहीं. परंतु उदाहरण समोर आलें कीं तें सोडविल्याशिवाय चैन पडूं नये, ही खोड चाळीस वर्षांच्या मास्तरकीनें अंगीं जडली आहे. मीं आंकडे मांडूं लागलों तों ध्यानांत आलें कीं हें उदाहरण नुसत्या त्रैराशिकानें सुटणारें नव्हे. मुद्दल एवढी मोठी कां झाली, मुदत एवढी लांब कां झाली, आणि कमाई मात्र त्या मानानें कां वाढली नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें इतिहासांत आहेत. तोच इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

प्रथम या विद्येचें स्वरूप सांगतों. आजारानें, अपघातानें किंवा युद्धांतील जखमेनें ज्याचे हातपाय निकामी झाले, त्याला पुन्हां आपल्या पायांवर उभें करणें हा तिचा हेतु. तिच्या दोन मुख्य शाखा आहेत. व्यायाम, मर्दन, शेक, पाणी व वीज यांच्या साह्यानें स्नायूंना व सांध्यांना पुन्हां चालतें करणें, ती फिजिओथेरपी. जेवणें, कपडे घालणें, लिहिणें, आपला धंदा करणें असे नित्याचे व्यवहार रोग्याला पुन्हां हळूहळू शिकविणें, ती ऑक्युपेशनल थेरपी. अमेरिकेंत या दोहींचा व्यवसाय म्हणून उदय झाला तो पहिल्या महायुद्धाच्या काळांत.

अमेरिका १९१७ च्या एप्रिलमध्यें युद्धांत उतरली. त्याच्या आदल्याच महिन्यांत न्यूयॉर्क राज्यांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं कांहीं मोजकीं माणसें एकत्र जमलीं आणि त्यांनीं ऑक्युपेशनल थेरपीच्या प्रसारासाठीं एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. युद्ध सुरू होतांच सैन्याच्या वैद्यकीय खात्याला जखमी शिपायांच्या पुनर्वसनाची चिंता पडली आणि त्यानें या कामीं स्त्रियांची भरती केली. त्यांना ‘रीकन्स्ट्रक्शन एड्स’ म्हणजे पुनर्घटनेच्या साह्यकर्त्या असें नांव दिलें. त्यांच्यांतील अग्रणी मेरी मॅकमिलन. यांचा जन्म अमेरिकेंतला, परंतु बालपण व शिक्षण इंग्लंडांत झालें. लिव्हरपूल येथें सर रॉबर्ट जोन्स या विख्यात अस्थिवैद्याच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें होतें. १९१८ सालीं वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयांत आणि नंतर ऑरेगॉन राज्यांतील रीड कॉलेजांत त्यांनीं या साह्यकर्त्यांस शिकविलें.

येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट मनांत टिपून ठेवावी. त्या वेळच्या या शिक्षणाची मुदत महिन्यांनीं मोजली जात होती, वर्षांनीं नव्हे. व्यायामविद्या आधींच शिकलेल्या स्त्रियांस शरीररचना, मर्दन व उपचाराचे व्यायाम यांचे पाठ देऊन रुग्णालयांत पाठविलें जाई. त्यांना सैन्यांतील हुद्दा मात्र मिळाला नाहीं. नागरी नोकर म्हणूनच त्यांनीं सेवा केली. म्हणजे काम मोठें, शिक्षण आटोपशीर आणि मान बेताचा, अशी या व्यवसायाची सुरुवात झाली. पुढच्या शंभर वर्षांत मान वाढविण्याची जी धडपड झाली, तिचें मूळ मला येथें दिसतें.

युद्ध संपल्यावर १९२१ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें या स्त्रियांनीं आपली संघटना स्थापिली आणि मेरी मॅकमिलन तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. शिपायांची गर्दी ओसरली, परंतु दुसरा शत्रु दाराशीं उभा होता. तो म्हणजे पोलिओ. १९१६ सालींच त्या रोगानें न्यूयॉर्क व आसपासच्या भागांत हाहाकार उडविला होता. १९२१ च्या ऑगस्टमध्यें फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय लुळे पडले. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या या गृहस्थांनीं १९३८ सालीं बालपक्षाघाताच्या निवारणासाठीं एक राष्ट्रीय प्रतिष्ठान उभें केलें. त्याच्यासाठीं घरोघरच्या मुलांनीं व गृहिणींनीं ‘डाइम’ म्हणजे दहा सेंटांचें नाणें पाठवावें, अशी हांक देण्यांत आली आणि नाण्यांचा अक्षरशः पाऊस पडला. या पैशांतून रोग्यांचा खर्च भागला, लसीचें संशोधन झालें, आणि फिजिओथेरपी शिकणाऱ्यांना शिष्यवृत्त्याही मिळाल्या. १९५२ सालीं त्या देशांत पोलिओचे सुमारें ५८,००० रोगी नोंदले गेले. तेव्हां लोकांना वाटे कीं आज शेजाऱ्याच्या घरीं गेलेला रोग उद्यां आपल्या घरीं येईल; म्हणून मुलाला चालतें करणारी माणसें तयार करण्याचा खर्च आपला आहे, हें त्यांना कोणी पटवून द्यावें लागलें नाहीं.

याच सुमारास ही विद्या आपल्या मुंबईस आली, आणि तीही अमेरिकेंत जन्मलेल्या एका बाईंच्या हातून. त्यांचें मूळचें नांव एलिझाबेथ लंडी. क्वेकर कुटुंबांत वाढलेल्या या बाई १९३० सालीं हिंदुस्थानांत आल्या, श्री. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाहबद्ध झाल्या आणि कमला निंबकर या नांवानें येथल्याच झाल्या. पुढें फिलाडेल्फिया येथें ऑक्युपेशनल थेरपीचें शिक्षण घेऊन त्या परत आल्या आणि १९५० सालीं त्यांनीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा सुरू केली. १९५५ सालीं हाजी अली येथें पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही निघाली. रुग्णालय नगरपालिकेचें, गरज गोरगरिबांची, आणि शिकविणारी बाई स्वतःहून पुढें आलेली, अशा योगानें हें रोप आपल्याकडे रुजलें.

आतां पुन्हां अमेरिकेकडे वळूं आणि कर्ज या व्यवहारांत केव्हां शिरलें तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धांतून परतणाऱ्या सैनिकांसाठीं १९४४ सालीं जो कायदा झाला, त्यानें शिक्षणासाठीं वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि शिवाय निर्वाहासाठीं दरमहा वेतन दिलें. ती देणगी होती, कर्ज नव्हे. १९५७ सालीं रशियानें आकाशांत उपग्रह सोडला आणि अमेरिकन लोक खडबडून जागे झाले. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण-शिक्षण कायद्यानें विद्यार्थ्यांस सरकारी पैशांतून प्रथमच मोठ्या प्रमाणावर कर्ज मिळूं लागलें. त्याच्या अटी ऐका. वर्षाला १,००० डॉलर, एकूण ५,००० डॉलर ही कमाल मर्यादा. व्याज शेंकडा ३. आणि कर्जदार पुढें शाळामास्तर झाला तर निम्म्यापर्यंत कर्ज माफ. मी मास्तर असल्यामुळें हें कलम वाचून मला समाधान झालें, हें लपवीत नाहीं. परंतु त्यांतलें तत्त्व माझ्या समाधानापेक्षां मोठें आहे. जो समाजाच्या उपयोगीं पडेल, त्याच्या शिक्षणाचा कांहीं भार समाजानें उचलावा, तें हें तत्त्व.

१९६५ च्या ८ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली, ती टेक्सासमधील सॅन मार्कोस येथें, ज्या कॉलेजांत ते स्वतः कर्ज काढून व मिळेल तें काम करून शिकले होते तेथें. गरिबाच्या मुलाला कॉलेजचें दार बंद राहूं नये, हा त्यांचा हेतु निर्मळ होता. या कायद्यानें बँकांच्या कर्जास सरकारची हमी मिळाली. परंतु हेतु निर्मळ असला म्हणजे परिणामही निर्मळ होतो, असें इतिहास सांगत नाहीं. कर्ज सहज मिळूं लागलें कीं फी वाढविणाराचा हात आंखडत नाहीं, आणि फी वाढली कीं कर्ज वाढवावें लागतें.

इकडे पदवीची शिडीही उंच होत चालली होती. प्रथम प्रमाणपत्र, मग चार वर्षांची बॅचलर पदवी, अशी ती चढली. १९७९ सालीं संघटनेनें ठराव केला कीं या व्यवसायांत येणाराचें शिक्षण बॅचलर पदवीच्याही वर असावें. २००२ पासून नुसत्या बॅचलर अभ्यासक्रमास मान्यता मिळेनाशी झाली. १९९३ सालीं क्रेटन विद्यापीठानें डॉक्टर-पदवीचा प्रारंभिक अभ्यासक्रम सुरू केला होता. ती वाट पुढें राजमार्ग झाली आणि २०१६ पासून फिजिओथेरपिस्ट होण्यास डॉक्टर-पदवीच आवश्यक ठरली. म्हणजे चार वर्षें कॉलेज आणि त्यावर तीन वर्षें ही विद्या, अशीं सात वर्षें. १९१८ सालीं जो मार्ग महिन्यांत संपत होता, तो असा वर्षांचा झाला.

ही वाढ केवळ मानासाठीं झाली, असें म्हणणें अन्यायाचें होईल. मज्जासंस्थेचें ज्ञान वाढलें, हृदयविकार व मेंदूचे झटके यांनीं आजारी झालेल्यांची निगा याच लोकांकडे आली. शिवाय पूर्वीं डॉक्टरनें चिठ्ठी दिल्याखेरीज रोग्याला हात लावतां येत नसे. २०१५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत, कमीअधिक अटींवर, रोगी थेट यांच्याकडे येऊं शकूं लागला. जबाबदारी वाढली तेव्हां अभ्यास वाढणें ओघानेंच आलें. तरीही शिडी उंच करणें हें विधिलिखित नव्हतें, याचा पुरावा सख्ख्या बहिणीच्या घरांतच आहे. ऑक्युपेशनल थेरपीसाठीं २०२७ पासून डॉक्टर-पदवी सक्तीची करावी, असा निर्णय २०१७ सालीं झाला होता. त्यावर मोठा वाद माजला, निर्णय स्थगित झाला, आणि २०१९ सालीं मास्टर व डॉक्टर या दोन्ही वाटा खुल्या ठेवण्याचें ठरलें. तेथें कोणी तरी विचारलें कीं या जादा वर्षाचे पैसे कोण देणार, आणि त्या प्रश्नाचा उपयोग झाला.

आतां तागडीच्या दुसऱ्या पारड्याकडे पाहूं. कमाई ठरवितें कोण? आपल्याला वाटतें पदवी ठरविते. पण अमेरिकेंत रोग्याच्या वतीनें पैसे देतो तो बहुधा विमेदार, आणि वृद्धांच्या बाबतींत १९६५ पासून ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमायोजना. हा विमा पैसे देतो ते उपचाराचे. अमुक वेळ व्यायाम करून घेतला, त्याचे अमुक. करून घेणाराच्या भिंतीवर बॅचलरचें प्रमाणपत्र टांगलें आहे कीं डॉक्टरचें, याची तो चौकशी करीत नाहीं. १९९७ च्या अर्थसंकल्पी कायद्यानें या उपचारांवर रोग्यामागें वर्षाला १,५०० डॉलरची मर्यादा घातली. ती १९९९ पासून लागू होतांच अनेक ठिकाणीं नोकऱ्या कमी झाल्या व पगार खालीं आले. ती मर्यादा मधूनमधून स्थगित होत राहिली आणि शेवटीं २०१८ सालीं रद्द झाली. त्या दिवसांत ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या विद्येंत कांहीं उणें नव्हतें. दर ठरविणारा हात दुसऱ्याचा होता, एवढेंच.

म्हणजे शिक्षणाचा खर्च एका हातानें वाढविला, आणि कमाईचा दर दुसऱ्या हातानें आवळून धरला. दोन्ही हात एकमेकांशीं बोलत नव्हते, आणि मधल्या मध्यें विद्यार्थी सांपडला.

त्याला तिसऱ्या हातानें कर्ज दिलें. २००६ च्या जुलैपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ‘ग्रॅड प्लस’ नांवाचें सरकारी कर्ज मिळूं लागलें. शिक्षणाचा व निर्वाहाचा जो कांहीं खर्च कॉलेज सांगेल तेवढें कर्ज, हीच त्याची मर्यादा. म्हणजे वस्तुतः मर्यादा नाहींच. २०१२ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या नव्या कर्जावर, शिकत असतांनाही व्याज चढूं लागलें. २०२४-२५ या वर्षीं अशा कर्जांचे दर शेंकडा ८.०८ व ९.०८ होते. १९५८ च्या ३ टक्क्यांशीं हे ताडून पाहावे.

शिवाय या कर्जाला एक विशेष धार आहे. व्यापारी बुडाला तर दिवाळें काढून मोकळा होतो. विद्यार्थ्याला तशी सोय राहिली नाहीं. १९७६ सालीं कायदा झाला कीं पहिलीं पांच वर्षें दिवाळ्यांत हें कर्ज माफ होणार नाहीं. १९९८ सालीं ती मुदतच काढून टाकली. २००५ सालीं खासगी कर्जेंही त्यांत ओढलीं. विशेष हालअपेष्टा कोर्टांत सिद्ध केल्याखेरीज सुटका नाहीं. आपल्या जुन्या व्यवहारांत दामदुपटाचा नियम होता. व्याज कितीही तुंबलें तरी एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज सावकारानें मागूं नये, असा तो दंडक. सावकाराला आपण पुष्कळ नांवें ठेवलीं. परंतु एवढी लाज त्याच्या शास्त्रांत होती, हें कबूल केलें पाहिजे.

आतां फळ्यावर उदाहरण मांडूं. अमेरिकन फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें शंभरांतील नव्वदांहून अधिक नवे व्यावसायिक कर्जदार होते, आणि त्यांचें सरासरी शैक्षणिक कर्ज दीड लाख डॉलरांच्या घरांत होतें. मुद्दल १,५०,००० डॉलर, हिशेबास सोपा म्हणून दर शेंकडा ७, मुदत दहा वर्षें धरूं. पहिल्या महिन्याचें नुसतें व्याजच ८७५ डॉलर होतें. दरमहाचा हप्ता सुमारें १,७४२ डॉलर बसतो आणि दहा वर्षांत एकूण २,०९,००० डॉलर भरावे लागतात.

कमाई किती? अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी खात्यानें मे २०२४ साठीं या व्यवसायाचें मध्यम वार्षिक वेतन १,०१,०२० डॉलर दिलें आहे. म्हणजे निम्म्यांस याहून अधिक, निम्म्यांस कमी. नवख्याला अर्थात् कमी. त्याला ८०,००० मिळाले असें समजा, आणि कर वगैरे वजा होऊन चतुर्थांश गेला असें धरा. हातीं महिन्याला ५,००० राहतात. त्यांतून १,७४२ गेले. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक कमाई, घरभाडें देण्यापूर्वींच, गेल्या काळच्या शिक्षणासाठीं गेली. माणूस उपाशी मरत नाहीं, हें खरें. परंतु घर, विवाह, मुलेंबाळें, आईबापांची सेवा हीं सारीं दहा वर्षें पुढें ढकललीं जातात.

आणखी एक तुलना करूं. याच क्षेत्रांत ‘असिस्टंट’ म्हणजे साहाय्यकाचा धंदा आहे. त्याला दोन वर्षांचें शिक्षण पुरतें आणि मे २०२४ चें त्याचें मध्यम वेतन ६५,५१० डॉलर आहे. दोन मुलें एकाच दिवशीं शाळेंतून बाहेर पडलीं. एक साहाय्यक झालें, दुसरें सात वर्षें शिकून डॉक्टर-पदवी घेऊन आलें. साहाय्यकानें पांच वर्षें आधीं कमावयास प्रारंभ केला; तेवढ्यांत त्यानें ३,२७,५५० डॉलर मिळविले. त्यांत दुसऱ्याच्या कर्जफेडीचे २,०९,००० मिळवा. अंतर झालें सुमारें ५,३६,५०० डॉलरचें. दोघांच्या वेतनांत वर्षाला ३५,५१० डॉलरचा फरक आहे. भागाकार करा, सुमारें पंधरा वर्षें येतात. म्हणजे पंचविसाव्या वर्षीं नोकरीस लागलेला पदवीधर चाळिसाव्या वर्षीं साहाय्यकाच्या बरोबरीस येतो, आणि खरा नफा तेथून पुढें. साहाय्यकाची फी धरली तर हा काळ थोडा आंखडतो, कर धरला तर लांबतो; पण उदाहरणाचा सांगाडा बदलत नाहीं.

यांतून वाट काढण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. २००७ सालच्या कायद्यानें असें ठरविलें कीं सरकारी किंवा धर्मादाय संस्थेंत नोकरी करून ज्यानें १२० मासिक हप्ते भरले, त्याचें उरलेलें कर्ज माफ व्हावें. १९५८ च्या मास्तर-सवलतीचाच हा वंशज. दुसऱ्या बाजूनें, ४ जुलै २०२५ रोजीं झालेल्या कायद्यानें नव्या कर्जदारांसाठीं ग्रॅड प्लस बंद करण्याचें ठरविलें आणि त्यासाठीं १ जुलै २०२६ ही तारीख नेमली. त्या कायद्याप्रमाणें साध्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास एकूण १,००,००० डॉलर आणि ‘व्यावसायिक’ पदवीच्या विद्यार्थ्यास २,००,००० डॉलर ही सरकारी कर्जाची मर्यादा. आणि गंमत पाहा. नोव्हेंबर २०२५ च्या सरकारी मसुद्यांत ‘व्यावसायिक’ पदव्यांची जी यादी तयार झाली, तींत वैद्यक आहे, कायदा आहे, धर्मशास्त्रही आहे; फिजिओथेरपी नाहीं. एका संस्थेनें सांगितलें, डॉक्टर झाल्याशिवाय रोग्याला हात लावूं नका. दुसरीनें सांगितलें, तुमची पदवी व्यावसायिकांत मोडत नाहीं. १९१८ सालीं ज्यांना हुद्दा नाकारला, त्यांच्या वारसांची कथा शंभर वर्षांनीं पुन्हां तेथेंच आली.

या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य मला असें दिसतें. जखमी शिपाई आणि लुळीं पडलेलीं मुलें डोळ्यांसमोर होतीं, तोंवर समाजाला या माणसांची निकड कळत होती, आणि त्यांच्या शिक्षणाचा भार त्यानें थोडाफार वांटून घेतला. १९५५ सालीं पोलिओची लस आली, भय ओसरलें, आणि तो भार हळूहळू विद्यार्थ्याच्या एकट्याच्या खांद्यावर सरकला. गरज मात्र संपली नाहीं. मेंदूच्या झटक्यानंतर चालावयास शिकणारा वृद्ध आजही त्याच हाताची वाट पाहतो. तेव्हां या पदवीचें मोल कमी आहे, असें माझें म्हणणें नाहीं. मोल मोठें आहे. तें मोजतांना समाज आपला वांटा विसरला, एवढेंच माझें म्हणणें आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मीं काय सांगितलें, तें सांगून आटोपतों. पुढच्या रविवारीं तो मुलीलाच घेऊन आला. मीं वरचें उदाहरण तिच्यापुढें ठेवलें आणि म्हटलें, "मुली, तुझ्या विद्येला मी नमस्कार करितों. परंतु तीन गोष्टी आधीं विचारून घे. एक, एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराहून अधिक होतें काय? होत असेल तर थांब आणि स्वस्त वाट शोध. दुसरी, तुझा पगार कोण ठरविणार, आणि नव्या पदवीनें तो बदलणार आहे काय? तिसरी, तेथील सरकारचीं कर्जें व माफीच्या सवलती परदेशी विद्यार्थ्याला नाहींत. परवान्याची परीक्षा किंवा नोकरी यांत एक वर्षाचा जरी उशीर झाला, तरी बँकेचें व्याज थांबणार नाहीं. मग त्या वर्षाचा हप्ता कोणाच्या कमाईंतून जाईल?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग बापाकडे पाहून म्हणाली, "बाबांच्या." तिनें उत्तर बरोबर दिलें होतें. मीं पाहिलें तों बापानें मान खालीं घातली होती. हा प्रश्न त्याच्या मनांत आधींच येऊन गेला असावा, पण मुलीपुढें बोलून दाखविण्याचा धीर त्याला झाला नसावा.

तिचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. फी माफ करणाऱ्या कांहीं जागांसाठीं ती अर्ज करीत आहे, आणि तोंवर इथल्याच एका रुग्णालयांत रोज सकाळीं रोग्यांना पावलें टाकावयास शिकविते. घराचे कागद तूर्त कपाटांतच आहेत. ते तेथेंच राहावे आणि तरीही तिला शिकतां यावें, अशी माझी इच्छा आहे. अशा मुलींना ही निवड एकट्यानें करावी लागूं नये, एवढा विचार आपण घरोघरीं करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतों.